वीस धरले होते

सकाळी साडेनऊला शैलजा ओट्यापाशी उभी,
हातात मोबाईल, चहावर साय.
"एकतीस टक्के," म्हणाली.
मला वाटलं, कुणाचे तरी मार्क.

गेम तिच्या कंपनीचा. गेल्या मंगळवारी बाजारात आला.
तीन वर्षं ती जुळे सोलापुरातल्या या खोलीत बसून
पुण्याच्या हापिसासाठी
भिंती, कौलं, गंजलेले नळ रंगवत होती.
पगाराचा एक तुकडा शेअरमध्ये.

"खपला नाही?"
"खपला की, नाना. नऊ लाख."
"मग?"
"बाजारानं वीस धरले होते."

मी अक्कलकोट रोडला तेहतीस वर्षं माग चालवला.
टॉवेलचे गठ्ठे परत आले
की गोडाऊनात पाय ठेवायला जागा नसायची,
शेठजी त्याच मालानं घाम पुसायचे.
तोटा मोजता यायचा. कुबट वास यायचा त्याला.
इथं तर नफा झालाय म्हणते,
आणि सात मिनिटांत अकराशे कोटी गेले.

काल कुणाच्या खिशात होते?
"कुणाच्याच नाही. येतील असं वाटत होतं."

ताण्यातला धागा तुटला तर माग थांबतो,
धोटा जागच्या जागी.
मुंबईत कुणाचं तरी वाटणं तुटलं
आणि दुपारी पुण्याहून निरोप आला:
अडीचशे माणसं कमी करणार,
यादी संध्याकाळी.

मग तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.
तिसऱ्या टप्प्यानंतर एक जिना,
वर खोली, कोपऱ्यात खाट,
खाटेवर मोराची चादर.
आमचीच. अठ्ठ्याऐंशी सालची.
जेकार्डच्या पत्त्यांना भोकं मी पाडली होती,
एक पत्ती चुकली
आणि काठाला एक मोर उलटा आला.
शेठजींनी तो नग माझ्या पगारातून कापून मलाच दिला.
पोरीनं उलटा मोर तसाच ठेवलाय.

"इथपर्यंत किती लोक आले?"
तिनं कुठलासा तक्ता उघडला.
"चार हजार एकशे बारा. बाकीच्यांनी आधीच सोडला."
"कुणी पांघरली का?"
"पांघरता येत नाही, नाना. नुसती दिसते."

चार हजार एकशे बारा.
मी मनात गठ्ठे बांधून पाहिले, साठ-साठचे.
अडुसष्ट भरले, वर बत्तीस सुटे.
वाईट ऑर्डर नव्हती.

तिन्हीसांजेला कडक भाकरी कुस्करली,
शेंगाचटणीवर दही घातलं.
ती जेवली, थोडं.
फोन खाटेवर पालथा,
उलट्या मोराच्या अंगावर.
दोनदा थरथरला.
भाकरी संपेपर्यंत
आम्ही कुणी उठलो नाही.