डावा अंगठा

जिनिंगच्या रोलरनं नेलेला अंगठा
यवतमाळात तीस टक्के भरला.
पुस्तकात आधीच छापून होता म्हणे हिशेब.

मालक अपिलात गेला नागपूरले.
हा माणूस माझा नाहीच,
हजेरीत देवमन नेवारे असं नाव नाही;
असलाच, तर चहाच्या सुट्टीत हात घातला त्यानं.
सुट्टीत रोलर कोणी चालू ठेवला, ते कागदात नाही.

वकील म्हणाले, बाई, वरच्या कोर्टात जखम चालत नाही,
कायद्याचा प्रश्न लागतो.
रक्कम भरली आहे मालकानं,
तिथं सुखरूप आहे.
मी भाकरीचं गठुडं मांडीवर घट्ट धरलं.

मग कारकुनानं कागदावर बोट ठेवलं :
इथं. डाव्या अंगठ्याचा ठसा.
ह्यांनी हात पुढं केला.
तो थांबला.
शाईची डबी दुसऱ्या बाजूला सरकवली
आणि ठशाखाली बारीक अक्षरात लिहिलं :
'डावा अंगठा नसल्याने उजव्याचा घेतला.'

सात वर्षांची फाईल, सगळी इंग्रजीत.
एवढीच ओळ मले वाचता आली.

तारीख दिवाळीनंतरची.
वणीची गाडी जांबपर्यंत उभ्यानं.
ह्यांनी शाई
माझ्या पदराले पुसली.