चार मिनिटं

सबेलाला बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं
ती एक पेटी आणेल. काळी, लुकलुकणारी,
भिंतीत ठोकायची, बिल द्यायचं, विसरायचं.
रिबेइराच्या धक्क्यावर आमचा डबाबंद माशांचा कारखाना,
आजोबांनी थाटलेला. चोरी म्हटलं की
आमच्या डोळ्यांपुढे मांजरं यायची, नाहीतर ट्रकवाले.

तिनं पेटी आणली नाही. वही आणली.
"तुमच्याकडे आहे काय काय?" एवढंच विचारलं,
आणि मला सांगता येईना.
तीन दिवस ती गमबूट घालून हिंडली
सार्डिन साफ करणाऱ्या बायकांच्या रांगेतून,
बर्फाच्या खोलीतून, जिन्याखालच्या कोनाड्यातून.
तिथं तो संगणक, धुळीनं राखाडी झालेला,
जो वाफेच्या भट्टीचं तापमान सांभाळतो.
ब्रेइशोला जाऊन सहा वर्षं झाली होती.
रोज पहाटे त्याच्याच नावानं
आम्ही आत शिरत होतो.
सबेलानं वहीत लिहिलं. हसली नाही.

पासवर्ड टेबलाच्या काचेखाली,
नातवंडांच्या फोटोंशेजारी, सुवाच्य अक्षरात.
मी ओरडणारच होतो.
"ओरडू नका," ती म्हणाली,
"पुढच्या वेळी लपवतील.
लपवलेली चूक मला सापडत नाही."

"राखीव प्रती आहेत आमच्याकडे," मी छाती फुगवून.
"उघडून पाहिल्यात कधी?"
मग माझ्याच कारखान्यात मला म्हणते,
"प्रत्येक घाण्यातला एक डबा फोडून चाखता ना तुम्ही?"
आम्ही फोडला.
आत काहीच नव्हतं. दोन वर्षांचं काहीच.

नोव्हेंबरात हिशेबातल्या दोसिंदाचा फोन:
"मालक, तब्येत बरी आहे ना?
अठ्ठेचाळीस हजार युरो नव्या खात्यात पाठव म्हणालात,
आणि पत्रात दोनदा 'कृपया' लिहिलंय."
तीस वर्षांत मी तिला एकदाही कृपया म्हटलेलं नाही.
पैसे वाचले ते माझ्या उद्धटपणामुळे,
आणि सबेलानं सगळ्यांकडून घोटवून घेतलेल्या
त्या एका सवयीमुळे: आधी फोन, मग पैसे.

फेब्रुवारीत मात्र शोएलनं दाबलंच.
एकोणीस वर्षांचा, माल पाठवण्याच्या खिडकीवर,
पार्सल अडकलंय असा निरोप आला, दाबलं.
पडदा पांढरा झाला.
हात धुण्याच्या बेसिनवर सबेलाचा नंबर चिकटवलेला होता,
साबणाचे डाग पडलेला.
चार मिनिटांत त्यानं तो फिरवला,
आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला,
"माझ्या हातून झालं."
मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो.
आयुष्यातलं सर्वात अवघड गप्प बसणं.

पॅकिंगकडचं सगळं आंधळं झालं. भट्टी चालू राहिली,
कारण मधली वायर तिनं आधीच तोडून घेतली होती,
आणि त्या खर्चावरून मी तिच्याशी भांडलो होतो.
दोन दिवस लेबलं हातानं लिहिली.
शोएलचं अक्षर भयंकर आहे.

परवा वीगोचा एक कारखानदार विचारत होता,
कुठली सिस्टीम बसवलीत?
वही दाखवली. त्याला पटलं नाही.

ब्रेइशोचं नाव आम्ही शेवटी काढलं.
रांगेत तिसरी उभी राहते ती त्याची बायको.
तिला आधी सांगायला हवं, हेही सबेलालाच सुचलं.
ती सुरी खाली ठेवून जिन्यापर्यंत आली,
पडद्यावरची ती सात अक्षरं पुसली जाताना पाहिली,
ॲप्रनला हात पुसले,
आणि परत जाऊन पुढचा मासा उचलला.