मशाल कोणाकडे आहे?

डुलुथमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारून येतं.
खनिजाची शेवटची जहाजं भोंगा देत सरोवरावर नाहीशी होतात
आणि आम्ही व्हर्लिनच्या तळघरात उतरतो,
भट्टीशेजारी, वाळत घातलेल्या पायमोज्यांखाली.
एकोणऐंशी सालापासून, दर गुरुवारी,
माझी दोन बाळंतपणं आणि त्याचा घटस्फोट सोडून.
संपाच्या वर्षी तर रोजच. दुसरं काम होतंच कुठे.

पहिले फासे आले ते मुके होते.
आकडे कोरलेले, पण त्यांत रंग नाही.
टॉइव्होने लेकीचा मेणखडू आणला,
जांभळा, तेवढाच उरला होता,
वीसही बाजूंवर घासला, अंगठ्याने पुसला,
आणि एकेक आकडा वर आला.
आता त्या फाशाच्या कडाच गेल्यात.
टाकला की घरंगळतच राहतो,
गोष्ट कुठे संपवायची ते विसरलेल्या माणसासारखा.

मी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
चढाची घरं, बर्फ, कुत्री.
लोकांची दारं बाहेरूनच पाहिली.
गुरुवारी मात्र कुलपं उघडायचे.
माझी चोरटी अजून एकोणीसचीच आहे.
माझे दोन्ही गुडघे बदलून झाले,
ती भिंत चढते
आणि वर पोचल्यावर धाप मला लागते.

आई विचारायची, मग जिंकलं कोण?
ती गेली, मला अजून उत्तर सापडायचंय.
एकदा चर्चमधल्या बाईंनी विचारलं,
तुमच्या त्या खेळात सैतान असतो म्हणे?
टॉइव्हो म्हणाला, होता एक.
उधारी वाढली तसा गाव सोडून गेला.

माझ्या कागदावर 'प्राण' लिहिलेली एक चौकट आहे.
अकरा लिहायचे, खोडायचे, सात. खोडायचे, दोन.
खोडून खोडून तिथे भोक पडलं.
व्हर्लिनने मागून चिकटपट्टी लावली.
तेव्हापासून माझे प्राण
पेन्सिलीने नीट उमटत नाहीत.

आणि ती मशाल.
मशाल धरली की ढाल धरता येत नाही,
म्हणून ती कोणालाच नको असते.
व्हर्लिन प्रत्येक दारापाशी विचारायचा,
मशाल कोणाकडे आहे?
आम्ही सगळे आपापल्या तलवारी मोजत बसायचो.
आणि टॉइव्हो, तोंडात चकली नाही तर पाव,
नाही, चकली कुठली तिथे, खारी बिस्किटं असायची,
बोटं विजारीला पुसत म्हणायचा,
आहे, आहे. माझ्याकडेच आहे.

ओडेट व्हर्लिनची भाची.
नवव्या वर्षी लिंबूटिंबू म्हणून बसली होती,
मरायची नाही, मारायची नाही, नुसता नकाशा धरायचा.
आता ती सेंट ल्यूक रस्त्यावरच्या इस्पितळात परिचारिका आहे.
मार्चमध्ये तीच आम्हाला समजावत होती
टॉइव्होच्या उशाशी लुकलुकणारे आकडे.
आणि आम्ही तिघं म्हातारे बावळट
मनातल्या मनात हिशेब करत होतो,
किती पडले तर सुटतो.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा उतरलो.
त्याची खुर्ची कोणी हलवली नाही,
कोणी तिच्यावर कोटही टाकला नाही.
डाव जिथे मोडला होता तिथेच होता:
ओला दगडी जिना, खाली एक दार,
दाराआड काहीतरी श्वास घेतंय.
व्हर्लिनने वही उघडली, चष्मा चढवला,
आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

भट्टी धडधडली आणि गप्प झाली.
ओडेट फाशाकडे बघत राहिली.

त्याच्याकडेच, मी म्हणाले.
मागे आहे तो. येतोय.

व्हर्लिनने मान हलवली
आणि वहीत तेलाच्या हिशेबातून
एक रेघ खोडली.