प्रत माहितीसाठी

कोर्ट नव्या इमारतीत गेलं, मी गेलो नाही.
न्यायमंदिराच्या कठड्याला पाठ लावून
माझं रेमिंग्टन अजून बसतं.
इंग्रजी 'आर' जरा वर उडतो, बाकी ठीक.
पानाला वीस रुपये.
पान नाही तर पैसे नाहीत.

हे शेवटचं वाक्य काल सेव-उसळीच्या गाडीवर बोललो
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.
विषय अमेरिकेचा चालला होता.
तिथलं सरकार म्हणे बंद पडलंय,
खर्चाच्या कागदावर एकमत होईना,
विमानतळावरची माणसं बिनपगारी उभी,
आणि ज्यांनी बंद पाडलं त्यांचा पगार चालू.
गुप्ते म्हणाले, कापा.
रजनीभाई म्हणाले, "पगारनी एमने क्यां पडी छे!"
खानविलकरांचा जावई डॅलसला, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा:
"सभागृहात कोंडा. नुसता पाव द्या, तर्री बंद.
तासाभरात सह्या होतील."
महेंद्रने डाव हवेतच थांबवला,
"तर्री आपल्यावाल्यांची पण बंद करायची का?"
कुणी काही बोललं नाही.
एकाने कांदा मागितला.

रात्री शलाकाचा फोन. पुतणी माझी, ओहायोत असते.
नऊ वर्षं झाली, कार्ड अजून रांगेत,
मत नाही तिला.
तरी दर सोमवारी तिथल्या मेंबराच्या ऑफिसात फोन लावते.
एक मुलगी उचलते, आधी पिनकोड विचारते,
मग तक्रार लिहून घेते.
"आणि मग?"
"मग पत्र येतं, काका. आपली कळकळ पोहोचली, असं काहीतरी.
सही मशीनची असते."
"तरी लावतेस?"
"ते मोजतात, किती फोन आले.
म्हणजे, मोजतो असं म्हणतात."

त्या पिनकोडने मला झोपू दिलं नाही.
तेवीस वेळा मत दिलंय मी.
शाई नखाबरोबर पुढे सरकते, एक दिवस कापली जाते,
तेवढीच आमची ओळख.
मेंबर चार घरं सोडून राहतो.
त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलोय.
विश्वामित्री गल्लीत शिरली तेव्हा
तो त्याच्या गच्चीवर, मी माझ्या,
दोघांनी हात हलवले.
भिंतीवर कमरेइतकी रेघ अजून आहे,
तीन वेळा चुना मारला, वर येते.
त्या महिन्यात साठेक जणांचे अर्ज टाइप केले मी.
माझा राहिला.

सकाळी कागद चढवला.
माननीय मेंबरसाहेब, ओहायो,
सविनय अर्ज की
मी आपला मतदार नाही,
तरीही ज्या दिवशी काम बंद होतं
त्या प्रत्येक दिवसाचा हिशेब
तारीखवार मिळावा,
आणि खालची सही हाताची असावी.

ओढून काढला तेव्हा दिसलं,
सवयीने कार्बन घातला होता.
खाली तोच मजकूर, निळा, पुसट,
'आर' तिथेही वर उडालेला.
ओहायोवर एक्स मारले, आमची गल्ली लिहिली.
'नॉट'वर तीन एक्स.
इंग्रजी वाचता येतं त्याला, मुलगा कॅनडात आहे.
बाकी एक अक्षर हलवावं लागलं नाही.

पहिल्या प्रतीला तिकीट किती लागेल
ते रावपुऱ्याच्या पोस्टात विचारून आलो.
दुसरीला तिकीट लागत नाही.
चार घरं तर आहेत.

चार दिवस झाले, खिशात आहे.
बायको म्हणते, शर्टाला निळं लागलंय,
धुऊन जात नाही.