हातचा

भोसरीत गुरुवारी वीज जाते.
जाते म्हणजे, सांगून नेतात,
आणि शेजारचा स्प्रिंगवाला अर्धं शटर ओढून
मुलीला पोहायला घेऊन जातो.
आमची सलाइन पंपाची आवृत्ती चार-दोन
शुक्रवारी सहीला होती.
तीनशे चौदा चाचण्या, तीनशे चौदा हिरव्या टिकल्या,
दुगडसाहेबांच्या पेढ्यांचा बॉक्स फ्रीजमध्ये.

शिस्तीनं सापडला, असं सांगायला आवडलं असतं.
मी एक पंप बंद करायला विसरले, एवढंच.
साडेपंचवीसवरून एक दशांश वर,
बटण दाबलं, त्याच क्षणी पंखा मंदावत थांबला
आणि मी चहाला गेले.

परत आले तर बॅटरीवर पंप चालू,
पडद्यावर एक्कावन्न पूर्णांक एक.
नळीतून पाणीच पडत होतं, बादलीत.
बादली नेहमीपेक्षा लवकर भरलेली.

एकदाच झालं ना, उमाकांत म्हणाला.
उमाकांत कुदळे काही वाईट प्रोग्रामर नाही,
रविवारी आईचा रक्तदाब वहीत लिहितो,
खाडाखोड न करता.
पण शुक्रवार जवळ आला की
एकदाच हा शब्द सगळ्यांच्याच तोंडात येतो.

आकडा दोन खोल्यांत राहतो.
खालच्या खोलीत दोनशे पंचावन्न मावतात, बस.
आणखी एक आला की खालची रिकामी करायची
आणि वरच्या खोलीत एक ठेवायचा,
त्या एकाची किंमत दोनशे छप्पन्न.
तिसरीत साठेबाई ओरडायच्या, हातचा विसरू नका.
विसरलं नव्हतं कुणी.
हातचा वर पोचला होता,
खालचं पुसायचं राहिलं होतं,
मध्ये गुरुवार आला.
बॅटरीनं भार उचलेपर्यंत चिपला झोकांडी गेली,
उठून तिनं जे लिहिलेलं दिसलं ते खरं मानलं.
कुणीही तेच केलं असतं.

पुन्हा घडवून दाखवा, दुगडसाहेब म्हणाले.
वायरमन बशीर शिकलगार स्टूल घेऊन बसला,
मी बटण दाबायचं, त्यानं खटका पाडायचा.
भिंतीवर कोळशानं चार उभ्या, एक आडवी.
रात्री दीडला तो म्हणाला, ताई, माझं बोट आता
आपोआप हलतंय, घरी जाऊन दिवेच मालवत बसेन.
नऊशे सेहेचाळीसाव्या खटक्याला
एक्कावन्न पूर्णांक एक.
आम्ही दोघंही ओरडलो नाही.
त्यानं रेघ मारली, नेहमीसारखीच.

हॉस्पिटलात जनरेटर असतो, साहेब सकाळी म्हणाले.
शिकलगार दारात होता, डबा घेऊन निघालेला.
साहेब, जनरेटर आधी खोकतो.

मग उमाकांतनं आकडा दोन ठिकाणी लिहिला.
दोन्ही जुळले नाहीत तर पंपानं थांबायचं,
बोंब मारायची,
अंदाज करायचा नाही.
सोळा ओळी. त्या सोळा ओळींसाठी
सगळ्या तीनशे चौदा पुन्हा पहिल्यापासून,
आणि तीनशे पंधरावी, जिच्यासाठी आता
शिकलगारच्या बोटाऐवजी एक रिले टकटक करते
दिवसरात्र, कोपऱ्यात, पालीसारखी.
पेढ्यांना वास यायला लागला.

मला राग त्या तीनशे चौदांचा आला.
सगळ्या मीच लिहिलेल्या.
प्रत्येकीत वीज होती.

शेवटी दोषाचा फॉर्म भरायला बसले.
कारण लिहिलं. उपाय लिहिला.
परिणाम या रकान्यात पेन जरा थांबलं,
तिथे बादली असं लिहिता येत नाही.
मग खालचा प्रश्न,
प्रत्यक्षात हे किती वेळा घडू शकतं?
अशक्यप्राय, दुर्मीळ, क्वचित, वारंवार,
एकावर खूण करा.

मी चारही खोडले आणि समासात लिहिलं,
गुरुवारी.