उजवा हात

पिरनवाडी नाक्यावर मस्कतचं लायसन्स दिलं.
हवालदारानं उलटं केलं, सुलटं केलं,
अरबी अक्षरांवर अंगठा फिरवला,
ती पुसून जातात का बघितल्यागत.

"कन्नड बर्तैतेन्री?"
"सोल्प, सोल्प."

मागं आप्पा, पाय प्लास्टरात.
तीस वर्षं खानापूरच्या विटा
याच रस्त्यानं वाहिलेले.
"पोरगी इथलीच हाय की साहेब,
कागद तेवढा परमुलखातला."

हवालदार बराच वेळ
फोटोतल्या बाईकडं बघत राहिला.
कार्ड परत आलं, घामानं ओलं.

मी गिअर टाकायला गेले
तर उजवा हात दारावर आपटला.
सकाळपासून चौथ्यांदा.
बारा वर्षं गिअर तिकडंच होता.

तो हसला नाही.
खिडकीशी वाकून मराठीत म्हणाला,
"डावीकडनं जावा, अक्का.
डावीकडनं."