मधले आठ

वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आहे,
तिथे मी रात्रपाळीला असतो.
जत्रांच्या दिवसांत दशावतारात पायपेटी वाजवतो
आणि सकाळी त्याच बोटांनी लाद्या मोजतो.

कायतान सोज यायचा पहाटे चारला,
होड्या परतायच्या आधी,
हातात तळाला तडा गेलेला एकच ग्लास.
"माका इतकोच पुरे," म्हणायचा,
आणि मासळीसाठी फोडलेल्या बर्फातला मूठभर
ग्लासात टाकून
तो कसा तडतडतो ते ऐकत बसायचा.

मुंबईच्या एका हॉटेलात एकोणतीस वर्षं
त्याने सॅक्सोफोन वाजवला.
आता वाद्य खाटेखाली,
चाव्यांखालचं चामडं झुरळांनी खाल्लेलं,
पितळेवर खाऱ्या वाऱ्याची हिरवी बुरशी.
म्हणून ते गाणं मी वाद्यावर कधी ऐकलं नाही.
ऐकलं ते दात गेलेल्या तोंडातून,
बर्फाच्या लादीवर ठेका धरलेल्या बोटांतून,
आणि मध्येच यंत्र सुरू झालं की तेवढं बुडालेलं.

कुठल्याशा पडलेल्या नाटकातलं म्हणे,
तिकडे, दूर देशात.
लिहिणाऱ्याने जलद लिहिलेलं, हसरं.
मग कुणा बाईला सर्दी झाली,
दम पुरेना, तिने ते संथ म्हटलं.
तेव्हापासून ते संथच.
खरं की कायतानची थाप, देव जाणे.

बाई कोट घालून दाराशी उभी आहे,
जाते म्हणते आहे, आणि जात नाही.
एवढंच गाणं.
रात्री पावणेदोनला शेवटचं हेच असायचं.
गाणारी फिलू, पाटीवर मिस फ्लोरा,
डोक्यातली पिसं काढून पियानोवर ठेवायची
आणि मग सुरू करायची.
बेअरे ताटं उचलायचे थांबत.
"पिसां काढल्यार गळो मोकळो जाता," म्हणायची ती.

"आठ," कायतान बोटं मोडायचा,
"मगे तेच आठ. मगे मधले आठ, येगळे.
मगे परत घरचे आठ."
मी म्हटलं, अस्ताई आणि अंतरा.
"तसाच. पण मधल्या आठांत माणूस
घराची वाट इसारता. इसराक होयी."

मी म्हटलं, बाबा,
आमच्यात दाराशी उभं राहून कुणी जातो म्हणत नाही.
येतो म्हणतात.
तो हसला, खोकला, परत हसला,
ग्लासातलं पाणी सांडलं लेंग्यावर.
"मगे तां गाणा तुमचाच रे!
आमी फुकट इतकी वर्सां इंग्लिशीत वाजयला."

त्या माघात उभादांड्याच्या जत्रेत
राणी वनवासाला निघते तिथे
माझी बोटं मधल्या आठांवर गेली.
ठरवून नाही.
मृदंगवाल्याने डोळे वटारले, दोन वेळा चुकला,
मग त्याला सापडलं कुठे थांबायचं ते.
तातू आरोलकर, राणीच्या लुगड्यात,
विंगेकडे निघालेला, पाठमोरा,
एक पाय उचलून तसाच राहिला.
नंतर विडी ओढताना म्हणाला,
"कसला रे ता? पुन्हा वाजव उद्या."

कायतानला सांगायचं होतं.
पण लेक येऊन त्याला वसईला घेऊन गेली.
एसटीच्या खिडकीतून त्याने तो ग्लास माझ्याकडे दिला,
"येतंय हां," म्हणाला,
आणि आमचं दोघांचंही हसू गाडी वळेपर्यंत पुरलं नाही.

परवा शिरोड्याला दुसऱ्याच कंपनीचं नाटक बघत होतो.
पोरसवदा पेटीवाला, कानात बाळी,
राणी निघाली तशी त्याने तेच धरलं.
जलद. भलतंच जलद, जवळजवळ हसरं.
थांबायची जागा सरळ ओलांडून गेला.

मी उठलो होतो सांगायला.
रांगेतल्या म्हातारीने सदरा ओढला,
"बस रे मेल्या, राणी जातासा."